मधल्या वाफ्यातली माती

वत्सलाबाई बोरस्ते दोन हजार आठ साली गेल्या. त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत आमच्या गल्लीतल्या बायकांना बोलायला विषय कोणता, तर वत्सलाबाईंचा कोबी. केवढाले ते गड्डे, काय ती वांगी, असा हात पुन्हा व्हायचा नाही! एकीने तर डोळ्यांना पदरही लावला. मी पानावरून उठले. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायची रीत आहे, पण मला ती कधी नीट जमली नाही आणि या बाईच्या बाबतीत जमवायचीही नाही. त्यांचा कोबी चांगला होता. त्या चांगल्या नव्हत्या.

नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला आमची बैठी घरं. त्यांच्या आणि माझ्या परसात छातीएवढी एकच भिंत, त्यामुळे त्यांच्याकडचं बरंचसं मला दिसायचं आणि उरलेलं ऐकू यायचं. त्यांचे यजमान नोटांच्या प्रेसमध्ये होते, ते लवकर गेले. एकुलता मुलगा शेखर, तोही प्रेसमध्येच लागला. शेखर म्हणजे गरीब गाय. मान खाली घालून जायचा, मान खाली घालून यायचा. आईपुढे त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. त्याच्याकडे बघून गल्लीतल्या बायका चुकचुकायच्या, "बिचारा, कसं काढत असेल या आईपाशी!" मीही तेच म्हणायची.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास घरच्या घरी भाजी पिकवायचं वारं नाशकात आलं होतं. कुठे कुठे व्याख्यानं होत, माहितीची पत्रकं वाटली जात. आम्ही सगळ्यांनी दोन-दोन कुंड्या आणल्या आणि वर्षभरात त्यांत तुळस लावून मोकळ्या झालो. वत्सलाबाईंनी मात्र परसातली फरशी उखडून काढली. विटांचे तीन लांबट वाफे बांधून घेतले, एक भिंतीकडचा, एक मधला आणि एक नळाकडचा. तळाला रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं, त्यावर पालापाचोळा, त्यावर घरातली सालं आणि खरकटं, त्यावर ओलं शेण, वर मातीचा हात, मग पुन्हा चिपाडं. असे थर देत वाफा काठोकाठ भरायचा, पाणी मारायचं आणि पोत्यांनी झाकून ठेवायचा. तीन-चार महिन्यांत सगळं खाली बसतं आणि काळंभोर, भुसभुशीत होतं. तोवर त्यात काही पेरायचं नाही, कारण कच्च्यात मुळं जळतात. बायका विचारायच्या, तयार झालं हे कळायचं कसं? तर म्हणायच्या, "नाक कशाला दिलंय? आंबूस वास आला तर कच्चं. वासच आला नाही तर पक्कं." हे त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की गल्लीतल्या पोरांनाही पाठ होतं.

बियाणं पोस्टाने यायचं. पुण्याच्या एका दुकानातून त्या मागवायच्या आणि पोस्टमन पैसे भरून सोडवायचं व्ही. पी. घेऊन दारात आला की पुडकं त्याच्यासमोरच फोडून बघायच्या. चकचकीत पाकिटांवर चित्रं असत, नवलकोल, फ्लॉवर, लाल कोबी, आमच्यापैकी कुणी तोवर चाखलीही नव्हती अशी ब्रोकोली. पिकलं की वाटायच्या, ते खरं. पण नुसतं देतील तर शपथ. मला वांगी देताना म्हणाल्या होत्या, "घ्या लताबाई. कोवळी आहेत, तेल कमी लागेल. तुमच्याकडे तेलाचा हात सैल आहे, वास इथवर येतो." वांगी घेतली आणि वर पाणउतारा करून घेतला. गल्लीतल्या प्रत्येक घराची अशी एकेक गोष्ट आहे, पण बायका हसून सोडून द्यायच्या. भाजी फुकटची होती ना.

एक्याण्णवमध्ये त्यांनी शेखरचं लग्न केलं. सून निफाडजवळच्या खेड्यातली, सविता. बापाची थोडी द्राक्षबाग, थोडा ऊस. हसरी, अंगाने मजबूत पोरगी. वाफे झाले तशी सासूने तिला वाफ्यांना जुंपली. चिपाडांची पोती हिने ओढायची, गवळ्याच्या गोठ्यातून शेण हिने आणायचं, थर हिने द्यायचे, पाणी हिने मारायचं. वत्सलाबाई वेताच्या खुर्चीत बसून सांगायच्या. हेही चालून गेलं असतं, सासवा कामं सांगतातच. पण लग्नाला तीनेक वर्षं झाली, पाळणा हलेना, आणि त्या घरात एक नवीनच नियम निघाला. बी सविताच्या हाताला लागू द्यायचं नाही.

"तू मातीचं बघ. बियाचं मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या. भिंतीपलीकडून मला ते ऐकू आलं आणि आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे बघितलं तर पाकीट फोडताना त्या सविताला चक्क आत पाठवत. पेरणी झाली, माती सारखी झाली की मग हाक मारत, "ये आता, पाणी घाल." रोपं वर आली की तण तिने काढायचं, कीड तिने वेचायची. फक्त बी नाही. मी एकदा सविताला विचारलं तर ती हसली. म्हणाली, "काकू, माहेरी सगळ्या वावराची पेरणी मी करायची." आणि शेणाची पाटी उचलून गेली. तेव्हा तिचं हसू मला बघवलं नाही.

एका हळदीकुंकवाला वत्सलाबाईंनी बायकांना परसात नेलं. काकडीची वेल फुलांनी भरली होती. त्या म्हणाल्या, "बघा, फुलं किती! आणि धरत काही नाही. नुसता दिखावा. आमच्या घरात अशा दोन आहेत, एक ही वेल आणि एक ती." ती म्हणजे सविता, हातात अत्तरदाणी घेऊन दारात उभी होती. दोघीतिघी हसल्या. मोठ्याने नाही, पदराआड हसल्या. पण हसल्या. सगळ्यांच्या ओट्या गाजर-वाटाण्यांनी भरून झाल्या, आणि सविता पुढे आली तेव्हा वत्सलाबाईंनी सूप खाली ठेवून दिलं.

सविता दवाखान्यात जाऊन आली होती. एकदा नाही, दोनदा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुझ्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला घेऊन ये. नवरा "जाऊ की" म्हणायचा आणि जायचा नाही. कधी प्रेसमधली पाळी बदललेली, कधी रजा नाही, कधी पोट बिघडलेलं. असं वर्ष गेलं. शेवटी सत्त्याण्णवच्या भाद्रपदात सविताचे वडील, गेणूअण्णा, आले. सरळ स्वभावाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. परसात उभ्यानेच बोलले.

"विहीणबाई, पोरीनं समदं करून घेतलं. आता जावईबापूंनी एकडाव दाखवावं. यात कमीपणा काय हाय? बागंचं पान पिवळं पडलं तर आपन माती तपासतो, पानीबी तपासतो."

वत्सलाबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "माझ्या पोराला तपासायला नेता? बोरस्त्यांच्या घरात कुणाला कधी औषध लागलं नाही. खोट तुमच्या मुलीत आहे. तिच्या हाताला यश नाही."

"तिच्या हाताला?" अण्णांचा आवाज चढला. "निम्म्या गावानं तिच्या हातानं पेरून घेतलंय!"

आणि तिथे ती अट ठरली. मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते, शब्द न् शब्द ऐकला. वत्सलाबाई म्हणाल्या, "ठीक. मग देवीलाच विचारू. यंदाचा घट सविताच्या हातून पेरू. माती माझ्या वाफ्यातली, धान्य तुमच्या घरचं. घट दाट आला तर दसऱ्यानंतर शेखर डॉक्टरकडे जाईल, मी स्वतः त्याला नेईन. नाही आला तर दसऱ्याला पोरीला घेऊन जायचं. पुन्हा पाठवायची नाही."

अण्णा खदखदून हसले. शेतकरी माणूस. ओल्या मातीत गहू टाकला की उगवतो, यात हरण्यासारखं आहे काय असं त्यांना वाटलं असणार. "कबूल," म्हणाले. शेखर दारातच होता. त्याला कुणी विचारलं नाही. सविताने मात्र त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला तिच्या तोंडावर आशा दिसली. वत्सलाबाई कशाही असोत, शब्दाला पक्क्या होत्या. घट आला असता तर त्यांनी मुलाला कान धरून दवाखान्यात नेलं असतं. हे मला माहीत होतं, सविताला माहीत होतं आणि शेखरला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

आमच्या गल्लीत घटाला माती त्यांच्याकडचीच असे. पहिल्या माळेच्या सकाळी बायका टोपल्या घेऊन जायच्या, भिंतीकडच्या जुन्या वाफ्यातली पक्की माती भरून आणायच्या आणि दसऱ्याला घट उठला की ती परत त्यांच्याच वाफ्यात आणून टाकायची, असा दंडक. त्या वर्षीही आम्ही नेली. वत्सलाबाईंचे गुडघे धरले होते, पितृपंधरवडा लागल्यापासून त्या परसाची पायरी उतरल्या नव्हत्या. सविताने मातीला आधी हात लावायचा नाही, फक्त पेरायचं, असं ठरलेलं. म्हणून त्यांनी आतूनच सांगितलं, "शेखर, भिंतीकडच्या वाफ्यातली आण. टोपली तूच भर."

शेखरने टोपली भरून देवापुढे ठेवली. सविताने न्हाऊन, बापाने दिलेले गहू ओंजळीत घेऊन पेरले. वर मातीची चिमूट पसरली, पाणी शिंपडलं. आम्ही सगळ्या बघायला गेलो होतो. देवीपेक्षा टोपलीलाच जास्त नमस्कार झाले असतील त्या दिवशी.

तिसऱ्या माळेला कोंब दिसले. सविता भिंतीशी येऊन मला सांगून गेली, "काकू, आले! दाट आलेत!" पाचव्या माळेला बोटभर झाले. मी स्वतः जाऊन बघितले. त्या दिवशी वत्सलाबाईंनी सविताला तू जेवून घे म्हणून सांगितल्याचं मी कानांनी ऐकलं. सहाव्या माळेला पाती पिवळी पडायला लागली. सविता पाणी जास्त झालं म्हणून घाबरली, मग कमी झालं म्हणून घाबरली. आठव्या माळेपर्यंत निम्मा घट मान टाकून पडला, उरलेला बुडाशी काळा झाला. आमच्या सगळ्यांच्या घरी मात्र तीच माती नेलेली असून घट वीतभर, हिरवागार. सविता दर थोड्या वेळाने कुणाच्या तरी दारात येऊन उभी राहायची आणि त्यांचा घट बघून परत जायची.

दसऱ्याच्या सकाळी नेहमीप्रमाणे बायका आपापल्या टोपल्या घेऊन वत्सलाबाईंच्या परसात जमल्या. नटूनथटून, केसांत घटाचे तुरे माळून. गेणूअण्णा निफाडहून आले होते, टोपी हातात घेऊन नळाशी उभे होते. त्यांचं ते मोठं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. वत्सलाबाई भिंत धरत धरत बाहेर आल्या आणि मागून शेखरने घरची टोपली आणून सगळ्यांच्या टोपल्यांशेजारी ठेवली. आमच्या हिरव्या टोपल्यांच्या रांगेत ती एकच पिवळी, मेलेली.

"बघा, अण्णा," वत्सलाबाई म्हणाल्या. "माती सगळ्यांची एक. मी बोलले नव्हते?"

अण्णांनी मान खाली घातली. म्हणाले, "चल पोरी. पिशवी घे."

सविता पिशवी घ्यायला गेली नाही. ती खाली बसली आणि तिने मेलेले कोंब मुठीत धरून उपटले. वरचा मातीचा थर सरकला तशी तिने दोन्ही हात आत घातले. खाली बघते तर पिवळी ओली चिपाडं, शेणाचे अख्खे गोळे आणि अर्धवट कुजलेली केळ्याची सालं. नऊ दिवस पाणी खाऊन ते सगळं असं आंबलं होतं की मागे उभ्या असलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले. वर बोटभर पक्की माती, खाली सगळं कच्चं. कोंब मातीत हसत वर आले आणि मुळं खाली गेल्यावर जळाली.

माझं डोकंच फिरलं. मी भिंतीपाशी नव्हते, त्यांच्या परसात उभी होते. मी म्हटलं, "वत्सलाबाई, लाज वाटत नाही? देवीच्या घटात फसवणूक? पोरीला घालवायची होती तर सरळ घालवायची होती!"

त्यांनी टोपलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग शेखरकडे. इतकी वर्षं शेजार केला, पण त्या बाईचं तोंड असं उतरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते क्षणभरच. लगेच त्यांनी मान ताठ केली. "होय, मीच भरली. माझं घर आहे, माझा घट आहे."

"तुम्ही नाही भरली, आई," सविता म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुमचे गुडघे धरलेत. तुम्ही पायरीच उतरला नाहीत. हे मधल्या वाफ्यातलं आहे. पितृपंधरवड्यात रविवारी आम्ही दोघांनी भरला तो. केळ्याची सालं ह्यांनीच आणून टाकली होती बाजारातून." आणि तिने नवऱ्याकडे तोंड केलं. "अहो, तुम्ही भरलीत ना?"

शेखर मान खाली घालून उभा होता. आम्हाला त्याचं ते उभं राहणं पाठ होतं, त्याची आम्ही कीव करायचो. आईने वाईट वागायचं, त्याने फक्त उभं राहायचं. एका डॉक्टरच्या खोलीत जावं लागू नये म्हणून त्या माणसाने देवीच्या टोपलीत शेण पुरलं, वर स्वच्छ माती पसरली आणि बायको पेरत होती तेव्हा तिच्या शेजारी हात जोडून उभा राहिला. मला त्या घडीला वत्सलाबाईंचा राग आठवेनासा झाला, एवढा त्याचा आला.

सविताने त्याला शिव्या दिल्या नाहीत. तिने एकच विचारलं, "आता तरी जाल का डॉक्टरकडे? एवढंच सांगा. मी थांबते."

त्याने आईकडे बघितलं.

सगळा निकाल आता त्या बाईच्या तोंडात होता. घट खोटा होता, हे तिला कळलं होतं. कुणी खोटा केला, तेही कळलं होतं. का केला, ते न कळण्याइतकी ती मूर्ख नव्हती. शब्दाला पक्की म्हणवणाऱ्या बाईने एक शब्द बोलायचा होता. मी वाट बघत होते. अण्णा वाट बघत होते, त्यांची टोपी हातात चुरगळली होती.

"तो कुठेही जाणार नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "जायचंय ते तुला. अट घटाची होती, आणि घट आलेला नाही. बघताय ना सगळ्या?"

सगळ्या बघत होत्या. ज्यांना त्यांनी नाकाने ओळखायला शिकवलं होतं त्या साऱ्या जणी, नाकाला पदर लावून. मी म्हटलं, "अगं बायांनो, बोला की कुणीतरी!" एकीने माझा हात दाबला, म्हणाली, "लताबाई, त्यांच्या घरचं आहे." दुसरीने आपल्या टोपलीतली माती गुपचूप वाफ्यात ओतली आणि ती घाईने निघाली. मग तिच्यामागे बाकीच्या. जाताना प्रत्येकीने माती मात्र नीट वाफ्यात ओतली. दंडक होता ना.

सविता पिशवी घेऊन आली. कोपरापर्यंत हात शेणाने भरले होते. नळ दोन पावलांवर होता, अण्णा म्हणालेही, "हात धू, बाई." ती नाही म्हणाली. पायरीवर डोकं टेकवायला वाकली नाही की मागे वळून बघितलं नाही. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. नव्या लुगड्याला लागू नयेत म्हणून हात पुढे धरून ती रिक्षात बसली, आणि गाडी वळेपर्यंत ते तसेच पुढे धरलेले मला दिसत होते.

मधला वाफा पौष लागता लागता तयार झाला. त्यात वत्सलाबाईंनी पुण्याहून मागवलेला कोबी लावला आणि तो तेराव्याला आठवण काढण्याजोगा आला. गल्लीत घरोघरी गेला. मी माझा गड्डा भिंतीवरून परत त्यांच्या परसात टाकला. बाकी सगळ्यांच्या घरी शिजला.

पुढच्या मे महिन्यात शेखरचं दुसरं लग्न झालं. पूजा, सिन्नरकडची, वडील नसलेली, मामाने उजवलेली. वत्सलाबाई गेल्या तेव्हा त्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि त्या घरात पाळणा हलला नव्हता. पूजाला त्यांनी दवाखान्यात कधी पाठवलं नाही. घटाची अटही कधी घातली नाही. कशाला घालतील? उत्तर त्यांच्याकडे होतं. तरीही शेवटच्या वर्षी अंथरुणावर पडल्या पडल्या, भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या पूजाकडे बोट दाखवून तिच्या देखत सांगायच्या, "नशीब माझं, ही दुसरीही वांझोटीच निघाली."